व्हेल्माला वर पाठवायचंय

सॅस्कॅचेवानमधल्या थिसल लेक गावात एखादी बातमी पसरवायची असेल तर रेडिओ, टीव्ही, उपग्रह असल्या भानगडींची काही गरज नाही. ग्लॅडिस फेअरला ऐकू जाईल इतपत मोठ्याने ती बोलायची, की झालं. आणि त्या गुरुवारी सकाळी ऑरिशिया ह्रित्साक कॉफीच्या दुकानात फोनवर बोलत होती ती नेमकी ग्लॅडिसच्या पाठीला पाठ लावून.

"हो, व्हेल्माला उद्या वर पाठवायचंय," ऑरिशिया म्हणाली. टोरांटोच्या हेड ऑफिसातल्या माणसाला धड ऐकू जात नव्हतं, म्हणून तिने आवाज चढवला. "उद्या! दुपारी! नाही हो, आता तिच्यात काही उरलेलं नाही. खरं तर चार वर्षांपूर्वीच जायची, मीच ओढत आणलं इथवर. हो, सगळं संपेपर्यंत थांबायचं, मग बटण दाबायचं, की कायमची बंद. तिच्या शेजाऱ्यांना कळवलंय, त्यांना काही त्रास होणार नाही."

ग्लॅडिसच्या हातातला डोनट कॉफीत पडला. तो बाहेर काढायलाही ती थांबली नाही.

आता इथे हे सांगायला हवं की व्हेल्मा दोन होत्या. एक व्हेल्मा ओडेगार्ड, वय शहाऐंशी, नॉर्वेजियन वंशाची, पाच फुटांच्या आतली, गावाबाहेरच्या उपग्रह केंद्राची जुनी प्रमुख. गव्हाच्या शेतांमध्ये दक्षिणेकडे तोंडं करून बसलेल्या त्या पांढऱ्या तबकड्यांमागच्या खोलीत तिने अर्धं आयुष्य काढलं आणि ऑरिशियाला हे काम शिकवलं. दुसरी व्हेल्मा विषुववृत्ताच्या वर, खूप उंचावर होती. ही दुसरी आकाशात गेली त्याच वर्षी पहिली निवृत्त झाली, म्हणून खोलीतल्यांनी तिला तेच नाव दिलं. कागदावर तिचं नाव वेगळंच रुक्ष काहीतरी होतं. गावाला ते रुक्ष नाव माहीत होतं. टोपणनाव फक्त त्या खोलीतल्या चार टाळक्यांना ठाऊक.

निरोपाच्या समारंभात व्हेल्माने शेरीचा ग्लास उंचावला आणि म्हणाली, "बघू या, आधी कुणाची टाकी संपते. ही आधी गेली तर मीही निघालेच मागोमाग. बिचारीला एकटीला वर कंटाळा यायचा." सगळे खो खो हसले. ऑरिशियाही हसली, पण ते वाक्य तिच्या डोक्यात जे जाऊन बसलं ते बसलंच.

लक्षात घ्या, ऑरिशिया इंजिनिअर. पेपरातलं राशिभविष्य मोठ्याने वाचून ती टवाळी करायची आणि अशुभ मानतात म्हणून मुद्दाम शिडीखालून जायची. पण तिची आई गेली त्या हिवाळ्यात व्हेल्मा तिच्याजवळ येऊन राहिली होती, न विचारता, स्वतःची उशी घेऊन. तेव्हापासून ऑरिशियाच्या जगात दोन गोष्टी जागच्या हलायच्या नव्हत्या, आणि दोघींचं नाव व्हेल्मा होतं.

उपग्रह वर टांगलेला असतो असं लोकांना वाटतं. टांगलेला बिंगलेला काही नसतो, ही वरची बाई सतत धावत असते. धावता धावता पडत असते आणि पडता पडता इतकी पुढे जात असते की जमीन काही लागतच नाही. उंची अशी निवडलेली, की तिची एक फेरी आणि पृथ्वीची एक गिरकी बरोबर एकाच वेळी पुरी व्हावी. मग खालून बघणाऱ्याला वाटतं, ही जागची हलत नाही. पण तिथेही सुख म्हणून नाही. चंद्र आणि सूर्य तिला उत्तर-दक्षिण ओढत असतात. पृथ्वीही धड गोल नाही, कुठे फुगलेली, कुठे दबलेली, त्यामुळे ती पूर्व-पश्चिमेलाही घसरते. मग अधूनमधून तिला छोटासा धक्का देऊन जागेवर आणायचं. धक्क्याला इंधन लागतं. इंधन जाताना नेलं तेवढंच, वर काही पंप नाही. सौरपट्ट्या थकतात, बॅटऱ्या म्हाताऱ्या होतात, पण बहुतेकींना घरी बसवते ती ही टाकी.

आणि धक्क्याचा कारभारही उफराटा. पुढे ढकललं की ती वर चढते, वरची फेरी लांब पडते, म्हणून ती मागे राहते. पुढे आणायची असेल तर मागे ढकलायची. नवीन मुलांना हे पचायला महिना लागायचा. "लग्न झालेल्यांना लगेच कळतं," असं व्हेल्मा म्हणायची.

चार वर्षांपूर्वी टाकी खाली आली, तेव्हाच तिला निरोप द्यायचं ठरलं होतं. नेमकी त्याच आठवड्यात खालची व्हेल्मा न्यूमोनियाने इस्पितळात पडली. ऑरिशियाने हेड ऑफिसला पटवलं, की उत्तर-दक्षिण ओढाताण थांबवू या, इंधनाचा मोठा घास तिथेच जातो. बाई रोज थोडी वर-खाली मान डोलवेल, खालच्या तबकड्यांनी तिच्यामागे मान डोलवावी. हेड ऑफिस खूश. व्हेल्मा आठवड्याभरात खडखडीत बरी होऊन घरी आली. बरी झाली ती औषधाने, हे ऑरिशियाला पक्कं ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि जिवाला पटणं वेगळं.

आता मात्र नवा उपग्रह आला होता, सगळी चॅनेलं त्याच्यावर गेली होती आणि जुनीला हलवणं भाग होतं. थकलेल्या उपग्रहांना आणखी वर नेऊन सोडतात. त्या जागेला खोलीत 'दफनभूमी' म्हणत. तिथवर जायलाही इंधन लागतं, आणि ते मध्येच संपलं तर बाई ना धड इथली ना तिथली. पृथ्वीच्या त्या बेढबपणामुळे उपग्रहांच्या वाटेवर दोन खोलगट जागा आहेत, एक हिंदी महासागराच्या बाजूला आणि दुसरी बरोबर सॅस्कॅचेवानच्या रेखांशावर. बेवारस उपग्रह तिथे वाडग्यातल्या गोटीसारखा हेलकावे खात राहतो, शेजाऱ्यांच्या अंगणातून येत-जात, कायमचा.

टाकीत किती उरलंय ते सांगणारा काटा नसतो. तिथे कशाला वजनच नाही, इंधन टाकीत हवं तिथे तरंगतं. एक तर आजवरच्या धक्क्यांची बेरीज करून अंदाज बांधायचा. नाहीतर आपण बार्बेक्यूच्या सिलिंडरवर गरम पाणी ओतून गार भाग चाचपतो, तसलंच काहीतरी करायचं. टाकी थोडी तापवायची, पटकन तापली तर समजायचं आत फारसं काही नाही. बेरीज म्हणत होती, पुरेल. तापवण्याची चाचणी म्हणत होती, कठीण आहे. ऑरिशिया गेले कित्येक महिने बेरजेवर विश्वास ठेवून बसली होती, कारण तिला तेच उत्तर हवं होतं. टाकी मध्येच संपली असती तर ती चूक सर्वस्वी तिची. पण खरं सांगायचं तर तिची झोप उडाली होती ती त्यासाठी नाही. टाकी पुरली आणि बटण दाबलं, तर मग पुढे काय, या विचाराने.

दुपारी नेस्टर प्रोकोपचुक धापा टाकत खोलीत शिरला. नेस्टर तिच्या हाताखालचा नियंत्रक, दिलदार आणि आवाजाचा मोठा.

"बॉस, व्हेल्माला काय झालंय? माझ्या आईने बटाटा भरलेले शंभर पेरोगी लाटायला घेतलेत. रडत रडत लाटतेय, खारट होणार सगळे."

"कुठल्या व्हेल्माला?"

"आपल्या! ग्लॅडिस सांगत फिरतेय, उद्या तिचं बटण बंद करणार म्हणून. आणि करणार तू!"

ऑरिशियाला सकाळचा फोन शब्दन्‌शब्द आठवला. तिने लगेच व्हेल्माचा नंबर फिरवला.

"व्हेल्मा, बरी आहेस ना?"

"मस्त आहे. आत्ताच चर्चचे पास्टर लुंड येऊन गेले. माझा हात धरून रडले गं. एवढा देखणा पुरुष माझा हात धरून आयुष्यात पहिल्यांदा रडला."

"अगं, मग त्यांना सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? त्यांनी विचारलं, तयारी झालीये का. मी म्हटलं, झालीये."

"व्हेल्मा, माझी चूक झाली. मी उपग्रहाबद्दल बोलत होते आणि ग्लॅडिसने..."

"कळलं मला. ग्लॅडिस दारात येऊन बटण म्हणाली तेव्हाच कळलं. पण खबरदार कुणाला काही बोललीस तर! अर्नी क्लासेनने माझी शिडी नेली होती, आठवतंय? नाही, तू तेव्हा पाळण्यात होतीस. आज परत आणून दिली. रंगवून! आणि इर्मा आली होती. इर्मा! बर्फावर दगड सरकवायच्या त्या कर्लिंगच्या मॅचपासून माझ्याशी बोलत नव्हती ती. माझे दोन्ही हात धरून म्हणाली, 'व्हेल्मा, तो दगड रेषेबाहेर होता. तूच बरोबर होतीस.' मला वाटलं, आता मी खरंच जाते, आनंदाने."

ऑरिशियाला हसू फुटलं.

"घरात लोकांनी भाजून आणलेले सात कॅसरोल आहेत," व्हेल्मा पुढे म्हणाली, "तीन जेलो आणि कोबीचे रोल इतके, की बाथटबमध्ये ठेवावे लागतील. उद्या मला न्यायला ये. शेवटचं बटण मी दाबणार."

"तू कशाला? गारठा आहे. आणि संध्याकाळी चर्चमध्ये टर्कीचं जेवण आहे, उगाच दगदग..."

"माझ्या नावाची बाई चाललीये आणि मी घरी बसून जेलो खाऊ? ये गुपचूप." फोन बंद झाला.

शुक्रवारी ऑरिशिया तिच्या दाराशी पोचली तर व्हेल्मा लाल कोट घालून, ओठांना लाली लावून पायरीवर उभी. अंगणाबाहेर पंधरा-वीस माणसं. ऑरिशियाने हात देऊन तिला गाडीत बसवलं तेव्हा एक हुंदका ऐकू आला. ग्लॅडिसने ऑरिशियाकडे असं काही पाहिलं, की जणू ही पोरगी देवाच्या कामात ढवळाढवळ करायला निघालीय.

"तोंड पाडून बस," व्हेल्मा पुटपुटली. "हसलीस तर चिमटा काढीन."

गाडी गावाबाहेरच्या रस्त्याला लागली. ऑरिशियाने आरशात पाहिलं. मागे पिकअप ट्रकांची रांग लागली होती, गावापासून पार धान्याच्या कोठारापर्यंत, आणि टळटळीत दुपारी प्रत्येकाने दिवे लावले होते.

"दिवे लावलेत गं!" व्हेल्मा मागे वळून बघत किंचाळली. "अंत्ययात्रेला लावतात तसे! माझी अंत्ययात्रा, आणि मी पुढच्या सीटवर!" ती इतकी हसली की तिला उचकी लागली. ऑरिशियाला आधी वाटलं आपण रडणार, पण ते आलं हसू होऊन. शेवटी तिला गाडी हळू करावी लागली, तर मागची आख्खी वरात भक्तिभावाने हळू झाली. ते पाहून दोघी आणखी हसल्या.

केंद्राच्या फाटकाशी रखवालदाराने सगळ्यांना अडवलं. मग गावकरी कुंपणापाशीच थांबले, टोप्या कानांवर ओढून, हातात झाकलेली भांडी घेऊन. टर्कीच्या जेवणाला नेत असलेली भांडी ते तशीच इथे घेऊन आले होते. पास्टर लुंडांच्या काखेत बायबल होतं.

खोलीत नेस्टर पडद्यासमोर बसला होता. टोरांटोचा प्रेस्टन स्पीकरवर होता. तो तरुण, हुशार आणि कधीही न हसणारा. आधीचे धक्के आठवड्याभरात देऊन झाले होते. आजचा शेवटचा. एकदा ठरलेली खूण पार झाली की बाई दफनभूमीत पोचली, आणि मग उरलेलं सगळं इंधन जाळून टाकायचं, म्हणजे पुढेमागे तिथे स्फोटबिट नको.

"चालू कर," ऑरिशिया म्हणाली.

नेस्टरने आज्ञा पाठवली. पडद्यावरचा आकडा हळूहळू सरकू लागला. वर, ऐकायला कुणी नाही अशा ठिकाणी, उपग्रहाला ढकलणारा एक लहानसा बंब फुरफुरत होता.

"चाचणीच्या हिशोबाने हे आता थांबायला हवं," स्पीकरवरून प्रेस्टन म्हणाला.

थांबलं नाही. ऑरिशियाने खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. नेस्टर ओठांतल्या ओठांत युक्रेनियनमध्ये काहीतरी पुटपुटत होता, प्रार्थना किंवा शिव्या, त्याच्या बाबतीत फरक कळत नाही. खूण जवळ आली, आणखी जवळ आली, आणि पार झाली.

"पार!" नेस्टरने उडी मारली. व्हेल्माने टाळ्या वाजवल्या. प्रेस्टनसुद्धा "वा" म्हणाला, आणि प्रेस्टनसाठी तो म्हणजे जल्लोषच. ऑरिशियाचा जीव भांड्यात पडला. तिने नेस्टरला मिठी मारली, व्हेल्माला मारली, खुर्चीलाही मारली असती.

पण बंब फुरफुरतच राहिला. राहिला तो राहिलाच. प्रेस्टनची चाचणी चुकली होती आणि ऑरिशियाची बेरीजही. टाकीत दोघांच्या कल्पनेपेक्षा बरंच जास्त होतं.

ऑरिशियाचा चेहरा उतरत गेला. "एवढं होतं अजून," ती म्हणाली. "हे तर दोन वर्षं पुरलं असतं. मी तिला अजून दोन वर्षं ठेवली असती."

"कशाला?" व्हेल्माने विचारलं.

"कशाला म्हणजे?"

"चॅनेलं गेली. उत्तरेतली गावं नव्या उपग्रहावर गेली. तिच्याकडे आता एक फोनसुद्धा येत नाही. मग ठेवायची कशाला?"

ऑरिशियाने नेस्टरकडे पाहिलं. नेस्टरने छताकडे पाहिलं.

"तू म्हणाली होतीस," ऑरिशिया शेवटी म्हणाली, आणि तिचा आवाज लहान मुलीसारखा आला. "निरोपाच्या दिवशी. ही गेली की मीही निघाले मागोमाग. तू ग्लास वर करून म्हणाली होतीस."

व्हेल्माने भुवया उंचावल्या. "शेरीचा ग्लास?"

"हो."

"शेरी पिऊन मी बोलले ते तू एवढी वर्षं उरावर घेऊन बसलीस? आणि ती बिचारी चार वर्षं मान डोलवत राहिली ती त्यासाठी?"

"तू इस्पितळात होतीस!"

"अगं, तू इंजिनिअर आहेस!"

"ठाऊक आहे मला! म्हणून तर कुणाला सांगता येईना!"

व्हेल्मा हसायला लागली. हसता हसता तिला खुर्ची धरावी लागली. नेस्टर हसला, आणि स्पीकरमधून एक विचित्र खरखर आली. ती लाइनची नव्हती, प्रेस्टन हसत होता. ऑरिशियाला भयंकर राग आला आणि तीही हसली.

तेवढ्यात नेस्टर ओरडला, "गचके खातेय!" बंब अडखळला, फुरफुरला, पुन्हा अडखळला. टाकीत आता नुसता वायू उरला होता. पडद्यावरची रेघ थरथरली आणि आकडा जागीच थांबला.

आता एकच काम राहिलं होतं, तिचं बोलणं बंद करणं. नेस्टर खुर्चीवरून उठला. व्हेल्मा तिथे बसली, तिने चष्मा पुसला आणि बोट कळीवर ठेवलं.

ऑरिशियाने तिचं मनगट धरलं. "थांब जरा."

"सोड."

"एक मिनिट."

"ऑरिशिया," व्हेल्मा हळूच म्हणाली, "सोड, बाळ."

ऑरिशियाने एकेक बोट सोडलं. व्हेल्माने कळ दाबली. थोडा वेळ काहीच झालं नाही, मग पडद्यावरचा तिच्या सिग्नलचा उंचवटा खाली बसला आणि फक्त बारीक कुरकुर उरली.

पडद्याकडे कुणीच बघत नव्हतं. सगळे व्हेल्माकडे बघत होते. ती डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून, अगदी निश्चल बसली होती. ऑरिशिया तिच्याकडे वाकली.

व्हेल्माने एक डोळा उघडला. "आहे का मी अजून?"

ऑरिशियाने टेबलावरचं पुठ्ठ्याचं फोल्डर उचललं आणि तिच्या पाठीत हाणलं. नेस्टरला आनंद आवरेना. इतक्या वर्षांची बाई सुखरूप ठिकाणावर लागली होती, बॉसची अब्रू वाचली होती. दोन्ही हात वर करून त्याने दाराकडे धूम ठोकली, अंगणातून नाचत कुंपणाकडे पळाला आणि त्या खणखणीत आवाजात ओरडला, "व्हेल्मा गेली! गेली व्हेल्मा! काय झकास गेली!"

कुंपणापलीकडे सगळ्या टोप्या एकदम उतरल्या.

ऑरिशिया दारापर्यंत पोचली तेव्हा पास्टर लुंडांनी भजनाचा पहिला सूर लावलेला होता आणि ग्लॅडिस फाटकाच्या गजांतून हात घालून नेस्टरला पर्सने बडवत होती. "निर्लज्जा! नाचतोस? तिने तुला मांडीवर खेळवलं, आणि नाचतोस?"

"अहो, ती नाही! दुसरी!"

"दुसरी कोण?"

"मी पहिली," मागून आवाज आला. लाल कोटातली व्हेल्मा अंगणातून तुरुतुरु चालत येत होती. "टर्की कापली का अजून? माझ्या पोटात कावळे ओरडतायत."

भजन अर्ध्यातच थांबलं. कुणाचं तरी भांडं खाली पडलं आणि सफरचंदाचा पाई बर्फाळ गवतावर पसरला. पहिली भानावर आली इर्मा. "तो दगड रेषेवरच होता!" ती कडाडली. "मी शब्द परत घेते!"

"माझी शिडी!" अर्नी क्लासेन म्हणाला.

"माझी डिश!" ग्लॅडिस म्हणाली. "सगळ्यात मोठी दिली होती मी!"

मग कोण आधी हसलं ते सांगता येणार नाही, पण पास्टर लुंड असावेत. ते बायबलात तोंड खुपसून हसले. नंतर जो हसण्याचा लोट उठला तो फाटकापासून शेवटच्या ट्रकपर्यंत गेला, आणि मागच्यांना का हसायचं ते ठाऊक नसतानाही ते पोट धरून हसले. ऑरिशियाने सगळा घोळ ओरडून ओरडून सांगितला. दर वाक्याला कुणीतरी ग्लॅडिसकडे बोट दाखवायचं.

"थांबा," व्हेल्माने हात वर केला. "तुम्ही कालपासून माझ्याकडे आलात आणि जे जे बोललात, ते काही फुकट गेलेलं नाही. मी खरंच चालले आहे. वर नाही, समुद्राकाठी. सोल्व्हेगकडे, माझ्या बहिणीकडे. सोमवारी. तिचा तगादा चार वर्षं चालला होता."

ऑरिशियाचं हसू जिथल्या तिथे थांबलं. "चार वर्षं? मग गेली का नाहीस?"

"कशी जाणार? तू दर रविवारी यायचीस, कॉफी घ्यायचीस आणि टाकीत किती उरलंय ते सांगायचीस, चेहरा असा करून, जशी माझीच टाकी तपासतेयस. का ते आज कळलं. मला एवढंच दिसायचं, की या पोरीला माझा आधार लागतो. म्हणून थांबले."

ऑरिशियाने एकीला जागेवर ठेवण्यात चार वर्षं घालवली होती आणि दुसरी तिच्यासाठी जागेवर थांबून राहिली होती.

"आणि एक सांगते," व्हेल्मा म्हणाली. आता ती फक्त तिच्याशी बोलत होती, पण सगळं गाव कान टवकारून होतं. "कालपासून गाव लोटलं माझ्या दारात. आली नाहीस ती फक्त तू."

"तू मरणार नव्हतीस, हे मला माहीत होतं!"

"म्हणूनच यायचं होतंस. मरणाऱ्या बाईला कुणीही गोड बोलतं. जाणाऱ्या बाईला बोल."

ऑरिशियाने आजूबाजूला पाहिलं. ग्लॅडिससुद्धा गप्प होती. पळून जायला जागा नव्हती, आणि तिला पळायचंही नव्हतं.

"आई गेली तेव्हा तू उशी घेऊन आलीस," ती म्हणाली. "मला तेव्हापासून तू हवी आहेस. रोज. मी याच गावात राहिले ती तुझ्यामुळे. मला भीती वाटते, तू नसलीस की मी कुठे घसरत जाईन कुणास ठाऊक. जाऊ नकोस, असं म्हणायचंय मला." तिने बाहीने नाक पुसलं. "पण जा."

"ऐकू नाही आलं."

"जा!"

"रडत नको. हसत म्हण."

ऑरिशियाने मोठा श्वास घेतला. हसू कुठून आलं ते तिलाही कळलं नाही, पण आलं, भरभरून आलं. "जा, म्हातारे! जा, एकदाची जा!"

"जा!" नेस्टर गरजला. "जा!" इर्मा ओरडली. मग कुंपणाला चिकटून उभं असलेलं सगळं गाव, पास्टर लुंडांसकट, ट्रकांचे भोंगे वाजवत, हातातली झाकणं आपटत एका सुरात ओरडू लागलं, "जा! जा! जा!"

"पुरे, पुरे, एवढं काही ओरडायला नको," व्हेल्मा म्हणाली, आणि त्या दोन दिवसांत पहिल्यांदाच रडायला लागली.